खालचा उजवा कोपरा

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, कोण जाणे. आधी तुझं हजेरीपटावरचं नाव लिहून पाहिलं. ते नोटिशीसारखं दिसायला लागलं, म्हणून तो कागद फाडला.

पत्ता शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत मिळाला. तुझ्या नावापुढे 'निवृत्त, रुग्णालयाचा कापडविभाग' असं छापलंय आणि माझ्यापुढे 'निवृत्त, कंपनीचा कर्मचारी विभाग'. मध्ये फक्त दोन नावं. पस्तीस वर्षांत आपण एवढ्या जवळ आलो नव्हतो.

पत्राचं प्रयोजन पहिल्या परिच्छेदात यावं, असं शाळेत आपल्या सिस्टर शिकवायच्या. माझा पहिला परिच्छेद केव्हाच संपला. तू पहिल्या वाक्यातच मुद्द्यावर यायचीस आणि मी वहीचं पान संपेपर्यंत हवापाण्यावर असायचे. अजूनही तशीच आहे.

माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, एक ॲप बनवतेय. तू तिला पाहिलेलं नाहीस. नोकरी शोधणारे आणि नोकरी देणारे यांची त्यात गाठ पडते. अशी ॲपं पुष्कळ आहेत म्हणे, पण हिच्यात माणसाचं नाव दिसत नाही. फोटो नाही, वय नाही, पत्ता नाही, शाळा कुठली तेही नाही. फोटोच्या जागी एक करडा गोल, त्याखाली नंबर, आणि त्या माणसाला कोणकोणतं काम येतं ते. मुलाखत ठरली की मगच बाकीचं उघडतं.

"मावशी, माणसाच्या आधी त्याचं काम बघायला लावायचं," ती म्हणते. "दुसरं काही दिसलंच नाही, तर डावलणार कशावरून?"

मी म्हटलं, छान आहे गं.

तिने आमच्या कंपनीकडून भरतीचे जुने अर्ज मिळवलेत. अठ्ठावीस वर्षांचे, चाळीस खोकी. कंपनीला अडगळ काढायची होती, हिला ती सोन्यासारखी वाटली. नावगाव झाकून हे अर्ज ॲपला वाचायला द्यायचे. कोणाला मुलाखतीला बोलावलं आणि कोणाला नाही, हे बघून ते शिकणार, की चांगला उमेदवार ओळखायचा कसा. मग नव्या लोकांची यादी लावताना तसे लोक वर आणणार. जुनी अक्षरं, जुने शिक्के, आमच्या खुणा हे सगळं वाचायला माहितगार माणूस हवं, म्हणून मी. रोज दहा ते चार जाते. चहा मिळतो, खुर्ची चांगली आहे.

काल पहिलं खोकं उघडलं. मला वाटलं, आत कोणीतरी इतकी वर्षं श्वास रोखून बसलं होतं आणि झाकण काढल्यावर त्याने तो सोडला. जुन्या कागदाचा वास तो, दुसरं काय असणार. प्रत्येक अर्जाला टाचलेला फोटो काढून डब्यात टाकायचा, हे माझं पहिलं काम. संध्याकाळपर्यंत डबा भरला. बाकीच्या पोरी घरी गेल्या तरी मी झाकण लावत बसले होते. ते नीट बसेना.

तुझी
गोगलगाय


१५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कोणीतरी ते घेतलं.

इथे सगळे मला मावशीच म्हणतात. भाची ऑफिसात एकदम वेगळी वाटते. घरी चप्पल शोधत हिंडणारी मुलगी इथे उभ्या उभ्या दहा जणांना कामं सांगते. तिच्याकडे एक गृहस्थ आहेत, पंचावन्नच्या आसपासचे. पूर्वी टायपिंग शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. ॲप आंधळ्या माणसाला वापरता येतं की नाही, हे तपासणं त्यांचं काम. फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो, इतक्या वेगाने की मला एक शब्द कळत नाही. मास्तर म्हणाले, "ही बाई माझ्या बायकोपेक्षा भरभर बोलते. पण हिला थांबवता येतं."

आम्ही एकाच टेबलावर बसतो. मी अर्ज वाचून सांगते, ते पुढ्यातल्या यंत्रावर टाइप करतात. बोटं अशी चालतात की बघत राहावं.

मी दिवसभर पडद्यावर ते करडे गोल बघते. घरी येऊन डोळे मिटले की त्या गोलांत चेहरे भरायला लागतात. डब्यातले. पहिल्यांदा वाटलं, वय झालं. पण चेहरे ओळखीचे आहेत, भिंगरी. सगळे नाहीत. काही. मला त्यांची नावं आठवत नाहीत, मात्र त्यांच्या अर्जाचा खालचा उजवा कोपरा आठवतो.

ते काय होतं, ते तुला सांगितलं पाहिजे. आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

मी नोकरीला लागले त्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "बाई, माझ्या टेबलावर गर्दी नको." मग बोटावर मोजून चार गोष्टी सांगितल्या. पत्ता. शरीर. मधे काही वर्षं घरी बसलेले. वय. कुठले पत्ते, कसलं शरीर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपल्याला लहानपणापासून सगळं न सांगता कळत आलंय. अशा अर्जाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मी पेन्सिलने एक ठिपका द्यायचा. साहेब ठिपक्याचे अर्ज उघडतसुद्धा नसत. वर्षअखेरीला तपासणी यायची, त्याआधी मी एकेक ठिपका रबराने पुसून ठेवत असे. कागद पुन्हा कोरा. कारण कुठेच लिहिलेलं नाही. 'बोलावले नाही', एवढंच.

भाचीचं ॲप आता तेच वाचतंय. बोलावले, बोलावले नाही. पोरीला वाटतंय, ज्यांना बोलावलं नाही ते कामात कमी पडले असणार.

मी हे तिला सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी. रोज दहा वाजता जाताना ठरवते.

तुझी
गोगलगाय


२४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

परवा ॲपची पहिली चाचणी झाली. साठ खरे उमेदवार, कामाचे नमुने जोडलेले. भाचीने मोठ्या पडद्यावर यादी लावली. सगळे करडे गोल, वरपासून खालपर्यंत. वरच्यांवर खूश झाली आणि तळाशी आली तेव्हा पडद्याजवळ गेली.

"हा एकेचाळीस नंबर तळाला का?" म्हणाली. "काम तर बरंय की याचं."

एक पोरगा म्हणाला, "मधली चार वर्षं रिकामी आहेत."

"आणि हा?"

"रात्रशाळा. नाव झाकलंय, पण वर्गाची वेळ दिसते."

"ही?"

"तिने अपंगांच्या संस्थेच्या वसतिगृहातून कोर्स केलाय. तसे लोक जुन्या डेटात कधी वर आलेलेच नाहीत."

भाची म्हणाली, "नाव नाही, चेहरा नाही, तरी याला काय दिसतंय?" मग माझ्याकडे वळली. "मावशी, तुमच्याकडे असे लोक कामाला कच्चे निघायचे का गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आता इतकं कुठे आठवतं."

चाळीस वर्षांपूर्वीचा पोस्टमन मला नावासकट आठवतो, भिंगरी.

दुपारी चहाला मास्तर म्हणाले, "मावशी, तुम्ही त्या कंपनीत कधीपासून होता?" मी सांगितलं. म्हणाले, "मग आपण भेटलोय. एकतीस वर्षं झाली. मी टायपिंगच्या जागेसाठी अर्ज द्यायला आलो होतो. तुम्ही माझ्या हातातून पाकीट घेतलंत आणि म्हणालात, 'आम्ही कळवू.' आवाज तोच आहे. थोडा जाडा झालाय."

मी हसून म्हटलं, "वजनासकट." ते पण हसले. मी अर्धा चहा टाकून कप धुवायला गेले.

तुझ्याबद्दल लिहिते. तू ओळखलंच असशील. तुझ्याही अर्जावर ठिपका होता. नाल्यापलीकडची वस्ती म्हणजे पत्ता, तो साहेबांचा नियम होता. तुझी आई शाळेचे कपडे धुवायची आणि सिस्टरांनी तुला फीमाफी दिली होती, हे साहेबांना माहीत नव्हतं, पण पत्ता त्यांना पुरेसा होता. मी नोकरीत नवीन. माझे वडील अंथरुणावर. साहेबांचा शब्द मोडला असता तर मीच बाहेर गेले असते. त्यांच्यासमोर बसून तुझा अपमान झाला असता, तोही मला बघवला नसता. म्हणून.

हे लिहून बरं वाटलं.

तुझी
गोगलगाय


५ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड आलं. पत्त्याच्या बाजूचं अक्षर बघूनच ओळखलं. अजूनही तुझा 'र' पुढच्या अक्षराला ढकलत जातो. सिस्टर त्याला 'घाईची आगगाडी' म्हणायच्या.

दोनच वाक्यं आहेत. 'साहेबांचं पुरे. तुझं लिही.'

कार्ड पर्समध्ये आहे. दिवसातून चार वेळा काढून बघते. जास्त काही लिहिलेलं नाही ना, म्हणून मागची बाजूही बघते. माझं मला उद्या लिहायचं आहे. आज ऑफिसात जे झालं ते आधी सांगते. मी पुन्हा हवापाण्यावर आलेय असं तुला वाटेल. वाटू दे.

मास्तर अर्जांचे गठ्ठे लावत होते. एक कागद हातात घेतला, थांबले. बोट खाली उजवीकडे नेलं. कागद उलटा केला, मागून बोट फिरवलं.

"इथे टोचलंय काहीतरी."

भाची म्हणाली, "कुठे? मला तर कोरं दिसतंय."

"दिसायचं नाही. हात लाव. मागून वर आलंय." त्यांनी दुसरा कागद घेतला. "यावर नाही." तिसरा. "यावर आहे. तोच कोपरा, तीच जागा."

तुला माझी पेन्सिल आठवते? सिस्टर म्हणायच्या, टोक सुईसारखं हवं आणि हात ठाम हवा. मी ठाम हातानेच टोचत आले. रबराने काळं पुसलं गेलं, खड्डा राहिला. एवढी वर्षं डोळस माणसांनी ते अर्ज हाताळले, तपासणीवाल्यांनी उलटेपालटे केले, परवा यंत्राने एकेक पान टिपून घेतलं. कोणाला दिसलं नाही. मास्तर आयुष्यभर बोटानेच वाचत आलेत. कागदावरचा उठलेला ठिपका त्यांच्यापासून लपणार कसा?

भाचीने त्यांना आख्खं खोकं दिलं. पाऊण तासात दोन गठ्ठे झाले, टोचलेले आणि न टोचलेले. पोरांनी नंबर जुळवले. टोचलेल्यांपैकी एकालाही कधी बोलावलेलं नव्हतं.

"मावशी, हे काय आहे?"

मी म्हटलं, "टाचणीचं असेल. आम्ही कागद टाचणीने लावायचो."

टाचणीचं भोक आरपार जातं, एवढं मास्तरांच्या बोटांना कळत नसेल का? त्यांनी हातातला कागद हळूच गठ्ठ्यावर ठेवला आणि तोंड माझ्याकडे केलं. न दिसणाऱ्या माणसाने आपल्याकडे तोंड करून बसणं काय असतं, ते कोणाला सांगून कळायचं नाही.

वीस तारखेला ॲप बारा कंपन्यांमध्ये जाणार आहे. हजारो लोक, भिंगरी. त्यातला प्रत्येक जण करडा गोल, आणि आतून माझा हात फिरणार.

गोगलगाय


१० मार्च

प्रिय भिंगरी,

सांगितलं.

धीर झाला म्हणून नव्हे. तसं तुला वाटू नये. काल सकाळी मास्तर म्हणाले, "मावशी, माझा अर्ज सापडतो का बघा ना. आहे त्यातच कुठेतरी." भाचीने शोधून काढला. त्यांनी स्वतः टाइप केलेला. दोन पानं, एक खाडाखोड नाही. टाचलेला फोटो मीच महिन्यापूर्वी काढून डब्यात टाकला होता, न ओळखता.

मास्तरांनी कागद घेतला. बोट सरळ कोपऱ्यात.

"आहे," म्हणाले. मग कागद माझ्यापुढे धरून, "टाचणीच ना, मावशी?"

मी म्हटलं, "नाही."

आणि सगळं सांगितलं. चार बोटं, पेन्सिल, रबर. एक मुलगी उठून दार लावून आली.

मास्तर म्हणाले, "माझा कशासाठी?"

"शरीर."

"एवढंच?"

"एवढंच. टायपिंग मी वाचलंही नव्हतं."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मला वाटायचं, माझी एखादी चूक राहिली असणार. एकतीस वर्षं ही दोन पानं मनात वाचतोय. स्वल्पविराम चुकला असेल, समास कमी सोडला असेल. बायको म्हणायची, आता पुरे करा. मी म्हणायचो, अगं, पण सापडत कशी नाही?" ते हसले. "नव्हतीच तर सापडणार कुठून?"

मी 'माफ करा' म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्याचा अर्थ मी लावणार नाही.

भाची ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "पाच आठवडे, मावशी. तू इथे पाच आठवडे बसलीयस. मी तुला विचारलं होतं, कच्चे निघायचे का. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"हो."

"आणि तू चहा पीत होतीस."

"हो."

"आई म्हणते, तुझी मोठी मावशी मुंगीलाही दुखवत नाही." मग डोळे पुसले आणि फोन घेऊन बाहेर गेली. बारा कंपन्यांना तारीख पुढे गेल्याचं कळवलं. चार कंपन्यांनी मग आम्ही दुसरीकडे बघतो म्हटलं. त्या पोरीने यासाठी तीन वर्षं घातलीत.

संध्याकाळी निघताना तिने मला जिन्यात गाठलं. वाटलं, उद्यापासून येऊ नको म्हणणार. मनातून मला तेच हवं होतं.

"उद्या दहाला ये," म्हणाली. "मास्तर शोधतील, तू सांगायचं. एकेक. कारणासकट. तुझ्याशिवाय ते कोणालाच माहीत नाही."

गोगलगाय


१६ मार्च

भिंगरी,

माझं लिहिते.

ते साहेब म्हणाले नव्हते. तुझ्या बाबतीत नाही.

त्या दिवशी ठिपक्याच्या गठ्ठ्यातला तुझा अर्ज घसरून वर आला होता. साहेबांनी तो वाचला. पूर्ण वाचला, जे ते कधी करत नसत. मला आत बोलावलं. म्हणाले, "बाई, ही मुलगी काय सुरेख लिहिते. ठिपका कशाला?"

मी म्हटलं, "पत्ता."

साहेबांनी पुन्हा पत्ता बघितला. चष्मा काढला. आणि म्हणाले, "असू द्या हो. एवढं चांगलं लिहिणारं माणूस आपल्याकडे कुठे आहे? पुसा तो. बोलवा हिला."

ज्या माणसावर मी सगळं ढकलत आले, त्याने त्या दिवशी रबर माझ्यापुढे सरकवलं होतं.

मी म्हटलं, "साहेब, मी ओळखते तिला. नको."

बस, एवढंच. पुढे काही सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही. 'ओळखते' म्हटलं आणि मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेत साहेबांनी काय ते भरून घेतलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत."

आता का, ते. वर्गात निबंध परत मिळायचे तेव्हा सिस्टर एक बाजूला काढून ठेवायच्या, वाचून दाखवायला. पहिली चार वर्षं तो माझा असायचा. मग तू आलीस. माझी आई तुला जेवायला वाढायची, माझा जुना कोट तुला दिला होता, आणि निबंध तुझा वाचला जायचा. तू परत बाकावर बसलीस की माझ्या कानात म्हणायचीस, "तुझाच चांगला होता गं, सिस्टरना चष्मा लागलाय." मनापासून म्हणायचीस. त्याचाच राग यायचा.

कंपनीत पहिल्यांदा मी कोणाच्या मागे नव्हते. साहेब पत्रं माझ्याकडून लिहवून घ्यायचे. तू आली असतीस तर समोरच्या टेबलावर बसली असतीस, दोन महिन्यांत पत्रं तुझ्याकडे गेली असती, आणि तू मला म्हणाली असतीस, तुझंच चांगलं असतं गं.

नंतर तू स्वतः आलीस. बाहेरच्या बाकावर बसलीस, पायातला बूट चावत होता म्हणून टाच बाहेर काढून. मला बघून म्हणालीस, "गोगलगाय, किती वाट बघायला लावता तुम्ही मोठी माणसं." मी तुला पाणी दिलं आणि सांगितलं, जागा भरली. ती जागा त्यानंतर अडीच महिने रिकामी होती.

तू ग्लास परत देताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलंस. तेव्हाच कळलं होतं का तुला? मी पस्तीस वर्षं त्या बघण्याचा विचार करतेय. ऑफिसात काम करत असताना बाहेरच्या बाकावर कोणी बसलं की मान वर करायच्या आधी मला वाटायचं, तू आहेस. कोणीतरी दुसरंच असायचं. मी त्याला 'कळवू' म्हणायचे.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल.

गो.


२२ मार्च

भिंगरी,

दुपारची सुट्टी आहे, ऑफिसातूनच लिहितेय.

गेला आठवडाभर असंच चाललंय. मास्तर कागद घेतात, कोपऱ्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "आहे." मी कागद वाचते आणि आठवते. भाचीने चार रकाने आखलेत. पत्ता, शरीर, खंड, वय. मी सांगेन त्यात ती खूण करते. मग तो अर्ज 'बोलावले नाही'मधून निघून वेगळ्या खोक्यात जातो. त्यावरून ॲपने आता काही शिकायचं नाही. भाची माझ्याशी कामापुरतं बोलते. काल मात्र माझ्या पाठीमागे उशी ठेवून गेली.

सोमवारी तुझा अर्ज आला. मास्तर म्हणाले, "आहे."

भाचीने पेन उचललं. "कशात?"

"यातल्या कशातच नाही," मी म्हटलं. "एक रकाना वाढव."

"काय नाव देऊ?"

"बाईंनी स्वतः."

तिने ते तसंच लिहिलं. मी तिला तुझी गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि पाचव्या रकान्यात एक खूण केली. मला वाटलं, माझं ओझं ते एवढं. एक खूण, एका माणसाची. तेवढी मी उचलून आणली होती.

मंगळवारी एका मुलीचा अर्ज निघाला. मी 'वय' म्हणायला तोंड उघडलं आणि बघितलं, ती सव्वीस वर्षांची होती. मग कशासाठी? तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर होतं. त्याच दिवशी एक माणूस, ज्याने मला बाहेर 'ए बाई' म्हटलं होतं. बुधवारी एक विधवा. तिने अर्जात लिहिलं होतं की तिला दया नको, काम हवं. ती ओळ मला उद्धट वाटली होती, एवढंच कारण. प्रत्येक वेळी मनात मी काहीतरी नाव दिलं असणार, पत्ता, खंड, काहीही. आता कागद पुढ्यात आला की ते नाव टिकत नाही.

आणि हे तर तुला सांगायचंच राहिलं. मोठे साहेब निवृत्त झाले त्यानंतरही मी अकरा वर्षं माझ्या त्याच खुर्चीत होते. नव्या साहेबांना ठिपका म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. मला कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. मीच आधी टोचायचे आणि मीच ते अर्ज बाजूला काढायचे. ती खोकी अजून उघडलेली नाहीत. भाचीने त्यांच्यावरची वर्षं वाचली, मनात हिशेब केला, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तुझा अर्ज मी वेगळा ठेवला आहे. भाची म्हणते, तो तुझा आहे, तू म्हणशील तर तुला पाठवू. फोटोही आहे. डब्यात तळाशी होता. पाठवायचा की नाही, ते तू ठरव.

पाचव्या रकान्यात आज दुपारपर्यंत एकोणीस झाले.

सुट्टी संपली. मास्तर येऊन बसलेत, कागद त्यांच्या हातात आहे, बोट कोपऱ्यात. घाई करत नाहीत. मी बोलेपर्यंत थांबतात.